संगणकाची भाषा कुणासाठी?



स्मृतिव्याख्यान देणाऱ्यानं श्रोत्यांना ठाऊक असलेल्या विषयाकडेच नव्यानं पाहायला लावावं, अशी अपेक्षा असते. या बंगळुरू शहरात संगणकाच्या भाषेइतका ठाऊक विषय दुसरा कुठला? आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी रोज कोड लिहितं. तरीही माझं पहिलं विधान असं आहे की संगणकाला भाषा येत नाही. जावा येत नाही, पायथन येत नाही, सी सुद्धा येत नाही. ज्यांना आपण संगणकाच्या भाषा म्हणतो त्या माणसांनी माणसांसाठी केलेल्या आहेत. यंत्रापर्यंत पोहोचतो तो त्यांचा अनुवाद, आणि तो अनुवाद करणारा प्रोग्रामही माणसानंच लिहिलेला असतो. हे एकदा नीट ध्यानात आलं की या शहरानं, आणि मराठी माणसानं, कोणती विद्या हातात ठेवायला हवी हा प्रश्न वेगळ्या रीतीनं समोर येतो. आजचं सारं बोलणं त्या प्रश्नाकडे जाणारं आहे.

यंत्राला काय कळतं, तिथून सुरुवात करू. प्रोसेसर मेमरीतला आकडा उचलतो, रजिस्टरमध्ये ठेवतो, दोन आकड्यांची बेरीज करतो, तुलना करतो, आणि तुलनेच्या निकालावरून पुढची आज्ञा कुठून घ्यायची ते ठरवतो. त्याचं कसब जवळपास एवढ्यात संपतं, आणि या आज्ञाही आकड्यांतच लिहिलेल्या असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९६० साली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला, तेव्हा त्यावर गणित सोडवू पाहणाऱ्याला यंत्राच्याच आज्ञांत विचार करावा लागे. हा आकडा मेमरीत कुठं ठेवला, तो उचलायची आज्ञा कोणती, सगळं माणसानं लक्षात ठेवायचं. त्याआधी १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बॅकस आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान बाहेर आणली होती. गणितातल्या सूत्रासारखं लिहा, त्याच्या आज्ञा यंत्र स्वतःच तयार करील, असा तिचा दावा. त्या काळच्या जाणकारांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. माणसानं हातानं लिहिलेल्या आज्ञांची सर यंत्रानं केलेल्या अनुवादाला येईल कशी, असं ते विचारत. ती शंका खोटी ठरली म्हणून आजचा सॉफ्टवेअर उद्योग आहे. आपल्याकडे १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आला आणि १९६४ मध्ये टाटा संस्थेत सीडीसी ३६०० आला. फोरट्रान आपल्या शास्त्रज्ञांच्या हाती पडली ती या यंत्रांबरोबर. कानपूरला ती शिकवणारे व्ही. राजारामन इथल्या भारतीय विज्ञान संस्थेचे विद्यार्थी, आणि पुढे तिथलेच प्राध्यापक झाले.

हा अनुवाद होतो कसा? एकच वाक्य घेऊ आणि त्याच्यामागून चालत जाऊ. समजा, कुणी लिहिलं: व्याज = मुद्दल * दर / १००. आपल्याला हे सूत्र दिसतं. अनुवादकाला सुरुवातीला दिसते ती नुसती अक्षरांची रांग. त्याचं पहिलं काम त्या रांगेचे तुकडे पाडणं. व्याज, बरोबरचं चिन्ह, मुद्दल, गुणाकार, दर, भागाकार आणि शंभर, असे सात तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर तो शिक्का मारतो: हे नाव, ही क्रिया, ही संख्या. दुसऱ्या टप्प्यात व्याकरण येतं. या भाषेत गुणाकार आणि भागाकार यांचा मान सारखा आणि वाचन डावीकडून, असा नियम असेल तर आधी मुद्दल आणि दर यांचा गुणाकार, मग त्याला शंभरानं भाग, आणि आलेलं उत्तर व्याजाच्या खात्यात, अशी बांधणी ठरते. तिचं चित्र वृक्षासारखं काढतात. शाळेत आपण वाक्यपृथक्करण केलं आहे, ते हेच. तिसऱ्या टप्प्यावर अर्थाची चौकशी होते. मुद्दल नावाची गोष्ट आधी कुठं सांगितली आहे का? ती संख्या आहे की अक्षरं? पूर्णांक की दशांश? मग हा वृक्ष मोडून लहान लहान पायऱ्यांत मांडला जातो. त्या पायऱ्यांवर सुधारणा होतात आणि शेवटी प्रोसेसरच्या आज्ञा निघतात. हे सारं आधीच उरकून ठेवणारा तो कम्पायलर. पायथनसारख्या भाषेत अनुवाद अर्ध्यावर थांबतो, आणि त्या अर्ध्या अनुवादाच्या आज्ञा दुसरा एक प्रोग्राम चालता चालता पाळत जातो.

सुधारणांच्या टप्प्यावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण अनुवादकाची बुद्धी दिसते ती तिथं. भागाकार हे प्रोसेसरचं संथ काम. समोरच्या संख्या पूर्णांक असतील आणि भाजक शंभरच आहे हे आधी माहीत असेल, तर आजचे कम्पायलर भागाकार करतच नाहीत. ते आधीच काढून ठेवलेल्या एका मोठ्या संख्येनं गुणतात आणि उत्तरातले बिट सरकवतात. उत्तर अगदी तेच, वेळ कमी. लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. अशीच दुसरी सुधारणा म्हणजे एकदा केलेला हिशेब पुन्हा न करणं. ऐकायला सोपं आहे. पण प्रोग्रामला अनेक वाटा असतात, आणि काही वाटांनी तो हिशेब आधी झालेला असतो, काहींनी नसतो. तो नेमका कुठं हलवावा, म्हणजे कुठल्याच वाटेनं दुप्पट श्रम पडणार नाहीत? आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांनी या प्रश्नावर केलेलं काम जगभरच्या संशोधकांनी अभ्यासलं. पुढे उदय खेडकर यांच्याबरोबर त्यांनी अशा विश्लेषणांचा व्यापक सिद्धान्त १९९४ मध्ये मांडला. मराठीत कर्तबगारीच्या याद्या निघतात तेव्हा त्यांत ही नावं असायला हवीत.

आता माझ्या पहिल्या विधानाचा पुरावा. तेच सूत्र कंस घालून लिहू: मुद्दल * (दर / १००). गणिताच्या वहीत दोन्ही एकच. मुद्दल ५०,००० आणि दर ७ असेल तर व्याज ३,५००. पण सी भाषेत हे सगळे आकडे पूर्णांक म्हणून लिहिलेले असतील तर दुसऱ्या सूत्राचं उत्तर शून्य येतं, कारण पूर्णांकात साताला शंभरानं भागलं की शून्य उरतं. पायथनच्या दुसऱ्या पिढीत ते शून्य होतं, तिसऱ्या पिढीत तेच जवळजवळ ३,५०० झालं. यंत्र तेच, आकडे तेच, अक्षरं तीच. मग अर्थ कुणी बदलला? भाषा घडवणाऱ्या माणसांनी, चर्चा करून, ठराव करून. आता पहिलं सूत्र बिनधोक आहे असं समजू नका. मुद्दल ५० कोटी असेल तर गुणाकार ३५० कोटींचा होतो, आणि ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात २१४ कोटींच्या थोडं पुढपर्यंतच जागा असते. हद्द ओलांडली तर काय व्हावं? सीचे नियम म्हणतात की असं घडलं तर आम्ही कसलीच हमी देत नाही. त्यामुळे असं कधी घडणारच नाही असं गृहीत धरून कम्पायलर पुढचा अनुवाद करू शकतो. बँकेतल्या ठेवीदाराच्या व्याजाचा अर्थ अशा रीतीनं कुठल्यातरी समितीच्या नियमपुस्तकात ठरलेला असतो. यंत्राचं त्याबद्दल काहीच मत नाही.

याहून मोठा पुरावा या शहराच्याच इतिहासात आहे. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूला आली, उपग्रहाचा दुवा जोडून इथून काम करू लागली, पुण्यात जन्मलेली इन्फोसिस त्याच्या दोन वर्षं आधीच इथं हलली होती. पण भारतीय कंपन्यांना जगाच्या कार्यालयांचं दार सताड उघडलं ते २००० सालच्या प्रश्नानं. त्या आधीच्या दशकांत कोबोलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांनी वर्ष दोन आकड्यांत साठवलं होतं. त्यापुढचे एक आणि नऊ कुठं होते? लिहिणाऱ्याच्या डोक्यात. कम्पायलरनं त्यात चूक काढली नाही, कारण भाषेच्या दृष्टीनं चूक नव्हतीच. दोन आकडे मागितले, दोन आकडे दिले. मग इथल्या, पुण्यातल्या, हैदराबादच्या आणि चेन्नईच्या तरुण मंडळींनी परक्या देशातल्या, कधी न भेटलेल्या, काही तर हयात नसलेल्या माणसांचं लेखन ओळ न् ओळ वाचलं आणि त्यांच्या मनात काय होतं ते ओळखून दुरुस्त केलं. संगणकाची भाषा यंत्रासाठी असती तर हे वाचन लागलं असतं का? यंत्राकडे अनुवाद होताच, तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता. मूळ लेखन लागलं ते माणसाला. प्रोग्राम हा लिहिणाऱ्यानं पुढच्या वाचकाला लिहिलेला मजकूर असतो, याची एवढी मोठी साक्ष मला दुसरीकडे सापडत नाही.

इथं एक आक्षेप हमखास येतो. तो प्रेमापोटी येतो, म्हणून त्याला उत्तरही आदरानं द्यायला हवं. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे, असं अमेरिकेच्या नासानं म्हटलं आहे ना? याचं मूळ १९८५ च्या एका लेखात आहे. रिक ब्रिग्ज हे नासाच्या एम्स केंद्राशी जोडलेल्या संस्थेत काम करत होते. वाक्याचा अर्थ संगणकात कसा मांडावा हा त्यांचा विषय. काशीतले महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट यांच्यासारख्यांनी वाक्यार्थाचं जे काटेकोर विश्लेषण केलं, त्याचं कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या पद्धतींशी साम्य आहे, असं त्यांनी दाखवलं. संस्कृतात प्रोग्राम लिहावेत, असा काही त्या लेखाचा मुद्दा नव्हता. मग पाणिनीचं काय? पाणिनीचं श्रेय याहून मोठं आहे. सुमारे चार हजार सूत्रांत त्यानं एक भाषा निर्माण करणारे नियम बांधले. चौदा शिवसूत्रांत वर्ण अशा क्रमानं लावले की दोन अक्षरांच्या एका संज्ञेनं वर्णांचा अख्खा गट सांगता यावा. आणि नियम लिहिताना त्यानं विभक्तींना ठरीव काम दिलं. ज्याच्या जागी काही यायचं ते षष्ठीत, ज्याच्या आधी बदल घडायचा ते सप्तमीत, ज्याच्यानंतर घडायचा ते पंचमीत. ही बोलण्यातली संस्कृत नव्हे. संस्कृतातून मुद्दाम घडवलेली, संदिग्धता काढून टाकलेली, नियम सांगण्यापुरती भाषा आहे. १९५९-६० मध्ये बॅकस आणि पीटर नाउर यांनी अल्गोल भाषेचं व्याकरण सांगायला अशीच एक लेखनपद्धती केली. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या संशोधकानं तिला पाणिनी-बॅकस पद्धती म्हणावं असं सुचवलं. तेव्हा पाणिनीकडून घ्यायचं ते काय? आपल्या रोजच्या भाषेचाही अमुक एका कामापुरता एक नेमका, बांधीव भाग तयार करता येतो, ही दृष्टी. आणि ती दृष्टी कुठल्याही भाषेच्या माणसाला घेता येते.

मग मराठीत प्रोग्राम लिहावेत का, हा दुसरा प्रश्न. थोडंफार आजही लिहिता येतं. २००८ च्या पायथन ३ पासून नावं देवनागरीत चालतात. व्याज आणि मुद्दल ही मी घेतलेली नावं तिथं जशीच्या तशी स्वीकारली जातील. पण शंभर मात्र देवनागरी आकड्यांत लिहिला तर तुकडे पाडण्याच्या टप्प्यावरच वाक्य परत येईल. गंमत अशी की प्रोग्राम चालू असताना कुणी देवनागरीत १०० टाइप केलं आणि त्याची संख्या करायला सांगितलं, तर पायथन ती बिनचूक करतं. दाराबाहेरचे आकडे चालतात, घरातले चालत नाहीत. याहून नाजूक प्रकरण आपल्या अर्ध्या र चं आहे. दुसऱ्या या शब्दातला तो र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहितात. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकच दिसतात. पायथनला पहिलं नाव मान्य आहे. दुसऱ्यात अदृश्य चिन्ह आहे म्हणून ते प्रोग्रामच नाकारतं. ज्यांनी हे नियम केले त्यांना मराठीचा द्वेष नव्हता. नियम ठरत असताना हा र स्वतःचा म्हणणारी माणसं त्या टेबलापाशी पुरेशी नसावीत. पायथनमधले पस्तीस राखीव शब्द मराठीत आणले तर मोठा उपकार होईल असं मला वाटत नाही. इंग्रजी न येणारं मूलही पस्तीस शब्द आठवड्यात पाठ करील. त्याची वाट अडते ती चुका दाखवणारे संदेश, पुस्तकं आणि समजुतीची चर्चा इंग्रजीत असल्यामुळे. काम करायला हवं ते तिथं, आणि त्या नियमांच्या टेबलापाशी.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि सर्वांत वजनदार आहे. आता यंत्रच कोड लिहितं. हवं ते साध्या भाषेत सांगा, प्रोग्राम तयार. कृत्रिम बुद्धिमत्तेतले संशोधक आंद्रेय कारपथी यांनी २०२३ च्या सुरुवातीला म्हटलं होतं की नवी लोकप्रिय प्रोग्रामिंग भाषा इंग्रजी आहे. मग या भाषा, हे व्याकरण, हे अनुवादक शिकावेत कशाला? एक साधी मराठी आज्ञा पाहा: व्याजदर दोन टक्क्यांनी वाढवा. सातावर दोन टक्के म्हणजे नऊ, की ७.१४? दोन्ही अर्थ मराठी म्हणून निर्दोष आहेत. माणसाला सांगितलं तर तो संदर्भ पाहील, विचारील, किंवा चुकेल. असा कोड लिहून देणारं यंत्र, म्हणजे भाषामॉडेलही यांतलं काहीतरी करील, आणि उत्तर म्हणून पायथनची एक ओळ देईल. त्या ओळीत मात्र एकच अर्थ असेल. तो अर्थ मला हवा होता तोच आहे का, हे कळायला ती ओळ वाचता यायला हवी. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी जवळपास अर्धशतकापूर्वी हाच मुद्दा मांडला होता. काटेकोर चिन्हभाषा ही लादलेली शिक्षा वाटते, पण मोकळ्या भाषेत अजाणता होणारा निरर्थकपणा तीच टाळू देते, असा त्यांचा आशय होता. यंत्र लिहितं म्हणून वाचणाऱ्याचं काम कमी होत नाही. लेखन वाढलं की वाचनाची गरज वाढते.

त्याच आक्षेपाची आणखी एक बाजू राहते. ओळ वाचली, पटली, तरी चालणार आहे तो तिचा अनुवाद. त्या अनुवादकावर भरवसा कशाच्या बळावर ठेवायचा? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापल्या गेलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं की कम्पायलरमध्ये असा बिघाड पेरता येतो, जो मूळ प्रोग्राममध्ये दिसत नाही आणि पुढे कम्पायलरच्या स्वतःच्या मजकुरातही दिसत नाही. तो कम्पायलर पुढचा कम्पायलर तयार करताना बिघाड आपोआप पुढे नेतो. मजकूर कितीही तपासा, सापडायचा नाही. म्हणजे अनुवादाची विद्या ज्यांच्याकडे नाही, त्यांनी आपल्या बँका, वीजकेंद्रं आणि दवाखाने दुसऱ्याच्या शब्दावर चालवायचे.

ती विद्या आपल्यापासून दूर आहे का? मुळीच नाही. आज जगभर वापरात असलेली एलएलव्हीएम ही कम्पायलरची चौकट इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली उभी केली, ते विक्रम अडवे आयआयटी मुंबईचे पदवीधर. आणि आपण बसलो आहोत त्याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेत, उदय बोंधुगुला आणि त्यांचे विद्यार्थी आकड्यांच्या मोठाल्या कोष्टकांवरचे हिशेब कोणत्या क्रमानं करावेत, हे यंत्राकडूनच ठरवून घेण्याच्या पद्धतींवर काम करतात. अडचण अशी की प्रोसेसर झपाट्यानं मोजतो, पण मेमरीतून आकडा यायला वेळ लागतो. लिहिणाऱ्यानं सरळ क्रमानं लिहिलेला हिशेब म्हणून बराच काळ नुसता ताटकळतो. कोणता हिशेब कोणत्या हिशेबावर अवलंबून आहे याचं गणित मांडून, उत्तर न बदलता, बोंधुगुला यांचा प्लुटो हा कम्पायलर तो क्रम फिरवतो. एकदा आणलेल्या आकड्यांचं शक्य तितकं काम लगेच उरकतो आणि उरलेलं अनेक प्रोसेसरांत वाटून देतो. भाषामॉडेलं चालतात ती मुख्यतः अशाच कोष्टकांच्या गुणाकारांवर. ते गुणाकार प्रोसेसरपर्यंत नेणाऱ्या एमएलआयआर या चौकटीच्या आरंभीच्या कर्त्यांतही बोंधुगुला होते. ज्या यंत्रामुळे कम्पायलरची विद्या निरुपयोगी होईल असं सांगतात, ते यंत्र त्याच विद्येच्या खांद्यावर उभं आहे.

माझी मागणी म्हणून अगदी ठोस आहे. कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पदवीपूर्वी एक लहानसा का होईना, स्वतःचा अनुवादक लिहावा. परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ करून हा विषय हाती लागत नाही. आणि मराठी विद्यार्थ्यानं तो व्याजाचं वाक्य देवनागरीत वाचणारा लिहावा. शंभर कोणत्या आकड्यांत चालेल, पूर्णांकाची हद्द ओलांडली तर काय व्हावं, दोन रीतींनी लिहिलेलं दुसऱ्या हे एकच नाव मानायचं की दोन, हे प्रश्न त्याला पहिल्या आठवड्यातच पडतील. प्रत्येकाचं उत्तर त्यानं स्वतः द्यावं, का दिलं ते मराठीत लिहून ठेवावं, आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणी ते वाचून त्याच्याशी वाद घालावा.